‘केलता’चं इंग्रजी

निपाणी
८ जुलै २०२४

उपासना,

नावाआधी चि. लिहिलं आणि खोडलं. सिस्टर लिहिलं, तेही खोडलं. आशीर्वाद लिहायला गेलो तर वाटलं, ही मुलगी म्हणेल, आधी विचारा तरी. म्हणून नुसतं नाव. माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड, कारण पुढं कामाचं आहे.

मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा लागलाच नाही. याला ब्लॉक करणं म्हणतात, हे मला पद्मावतीनं समजावून सांगितलं. बायकोला या गोष्टी माझ्याआधी कळतात. म्हणून हे पोस्टानं.

काल दुपारी तुझी आई आमच्याकडं आली. चौदा वर्षांनी शेवंताबाई माझ्या दारात, आणि पायरीवरच उभ्या. पद्मावतीनं हाताला धरून आत आणलं तेव्हा कुठं बसल्या. पाणी बाजूला ठेवलं, पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चार घड्या घातलेला झेरॉक्स काढला आणि माझ्यापुढं धरला.

"सर, माज्या पोरीनं ह्ये लिवलंय. तिकडचं सायेब म्हंत्यात, ती खोटं लिवल्या. मला इंग्लिश येत न्हाय. तुमी वाचून सांगा, ह्यात खोटं कुटं हाय?"

त्यांनी सांगितलं ते असं. काही चुकलं असेल तर तू दुरुस्त कर. जून महिन्यात एका दुपारी बेळगावच्या हॉस्पिटलात तुझ्या वॉर्डात बेळगुंदीचे भावकू नावाचे शेतकरी होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. सव्वादोनच्या सुमारास त्यांना घेरी आली, दरदरून घाम फुटला, बीपी खाली गेलं. तू वॉर्डातल्या फोनवरून डॉक्टरांना दोनदा बोलावलंस. डॉक्टर आले साडेतीनला. भावकू सहा दिवस आयसीयूत राहून वाचले, पण त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली की एवढा उशीर का. डॉक्टर म्हणतात, सिस्टरचा फोन मला एक वाजता आला होता, तोही डिस्चार्जच्या कागदांसाठी. नंतर आलाच नाही. तो फोन आतल्या आतला, त्याची नोंद कुठं राहत नाही. म्हणजे तुझा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द. आणि तुझा शब्द म्हणजे हा झेरॉक्स. तुला घरी बसवलंय, तीस तारखेला चौकशी आहे. दोषी ठरलीस तर नोकरी जाईल, आणि तक्रार नर्सिंग कौन्सिलकडं गेली तर दुसरीकडंही कुणी उभं करणार नाही.

मी चष्मा पुसून वाचलं. ‘पेशंट हॅड कम्प्लेन्ड ऑफ गिडीनेस. आय हॅड चेक्ड बीपी. आय हॅड कॉल्ड डॉक्टर. डॉक्टर हॅड आन्सर्ड, कमिंग. आय हॅड रेज्ड हिज लेग्ज. आय हॅड स्टार्टेड सलाइन. आय हॅड कॉल्ड अगेन...’

पानभर मजकूर, चौदा हॅड. एकही अवघड क्रियापद नाही. कॉल, चेक, स्टार्ट, आन्सर, सगळी सरळमार्गी, मागं ईडी लावली की भूतकाळात जाणारी. आणि तू प्रत्येकाच्या डोक्यावर हॅड ठेवलास.

हॅड कधी लावायचा? दोन गोष्टी घडल्या असतील तर त्यातल्या आधीच्या गोष्टीला. घाम फुटल्यावर फोन केलास तर नुसतं ‘कॉल्ड’. घाम फुटायच्या आधीच करून झालेला असेल तर ‘हॅड कॉल्ड’. तुझ्या वाक्याचा अर्थ साहेबांनी तसाच लावला, की फोन आधीचा. म्हणजे डॉक्टर म्हणतात तोच, एक वाजताचा. आणि सगळ्यालाच हॅड लावल्यावर आधी काय नि नंतर काय, कुणाला कळणार? मग ते म्हणणारच, की हे मागाहून रचलेलं आहे.

शेवंताबाईंना मी म्हटलं, "खोटं कुठंच नाही. फक्त काळ चुकलाय."

त्या म्हणाल्या, "काळ तर आमचा कायमचाच चुकलाय, सर."

आपल्याकडची मुलं ही चूक करतात, त्यात नवल नाही. तू मला फक्त घडलं ते क्रमानं मराठीत लिहून पाठव. मी शुद्ध इंग्रजीत उतरवून देतो. आणि एक सांगतो. त्या पानात हॅड खोडत गेलो तेव्हा खाली जे उरलं ते वाचून मी थक्क झालो. माणूस हातातून निसटत असताना तू एक मिनिट वाया घालवलं नाहीस. असं काम फार थोड्यांना जमतं.

अण्णाप्पा मगदूम


१५ जुलै २०२४

उपासना,

तुझं उत्तर नाही, पण निरोप पोहोचला. शेवंताबाई बाजारात भेटल्या. खाली बघत म्हणाल्या, "पोरगी म्हंत्या, सरांनी येऊ नये आन लिवू बी नये."

येऊ नये ते ऐकेन. लिहू नये ते जमणार नाही, कारण मागच्या पत्रात मी एक लबाडी केली आहे आणि ती आठ दिवस मला अंगाला खाजकुयली लागल्यासारखी छळते आहे. ‘आपल्याकडची मुलं ही चूक करतात’ असं मी लिहिलं. करतात, खरंय. पण कुणी शिकवली म्हणून करतात, ते लिहिलं नाही.

माझी ‘क्रियापद-वही’ आठवते? पिवळ्या कव्हरची, बत्तीस पानी. चौतीस वर्षं निपाणीतल्या मराठी शाळांमधून ती फिरली. तिसऱ्या पानावर माझा त-चा नियम, म्हणजे ‘आली होती’चं आपण ‘आलती’ करतो त्यातला त. ‘गाडी आली, रीच्ड. गाडी आलती, हॅड रीच्ड. फोन केला, कॉल्ड. फोन केलता, हॅड कॉल्ड.’ आणि सगळा वर्ग बाकं बडवत ओरडायचा, "त आला, हॅड आला!" चिकोडीपासून गडहिंग्लजपर्यंतचे मास्तर तो नियम माझ्याकडून घेऊन गेले. मला वाटायचं, व्याकरणाला निपाणीची चव देणारा मीच पहिला.

बुधवारी सकाळी दूध घेऊन घरात आलो आणि सवयीनं म्हटलं, "दूध आणलतं गं."

पद्मावती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाच्या आधी?"

"कशाच्या आधी म्हणजे?"

"म्हंजे तुमीच सांगतायसा की पोरास्नी, दोन गोष्टी पायजेत म्हणून. दूध आणलतं, ही एक झाली. दुसरी कुटली?"

चौतीस वर्षं माझी शिकवणी तिनं स्वयंपाकघरातून ऐकली आहे, हजेरी न लावता. दुसरी गोष्ट मला सापडेना. मी दूध आणलं होतं, एवढंच. इतकी साधी गोष्ट.

मग मी निपाणीच्या बसस्टँडवर जाऊन दोन तास बसलो. कुणी मला तिथं बघितलं असेल तर म्हाताऱ्याला भूल पडली असंच वाटलं असेल. कागदावर रेघा ओढत होतो. "काल कागलला गेलतो." "पोरगी परवा आलती." "डॉक्टरास्नी इचारलतं." एक्केचाळीस वेळा त ऐकला. त्यातले खरोखर दुसऱ्या गोष्टीच्या आधीचे किती? तीन. बाकीचे सगळे नुसते काल-परवाचे. आपल्या तोंडात ‘केलता’ म्हणजे केला, बाकी काही नाही. पुस्तकातल्या मराठीत माझा नियम लंगडत का होईना चालतो. निपाणीच्या मराठीत चालत नाही. आणि मी तो निपाणीच्या पोरांना निपाणीच्या शब्दांनी शिकवला! पुण्याचा मास्तर असता तर एकवेळ माफ होतं. मी इथल्याच मातीतला. माझ्याच कानात माझंच बोलणं कधी शिरलं नाही.

तुझ्या कागदावरचे ते चौदा हॅड तुझे नाहीत. तू मनात म्हटलंस ‘म्या डॉक्टरला फोन केलता’ आणि हातानं माझा नियम लिहिला.

आता उरलेला अर्धा भाग. हा नियम खोटा आहे, हे मला बसस्टँडवर कळलं असं मी वर लिहिलंय. तेही पूर्ण खरं नाही. मला ते चौदा वर्षांपूर्वी एका मुलीनं भर वर्गात सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिला काहीतरी बोललो असेन. पुढचं लिहायला आज हात चालत नाही.

अ. मगदूम


२२ जुलै २०२४

उपासना,

हात आज चालवतोच.

काल दिवसभर मी घरात येरझारा घालत होतो. पद्मावती माहेरच्या कानडीत वैतागून म्हणाली, "होगली बिडी." तुला कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं, याचा अर्थ तुला सांगायला नको. ती म्हणाली, जाऊ दे, सोडा आता. पण मला त्यातला शेवटचा शब्द मराठीतच ऐकू आला आणि माझ्या येरझारा थांबल्या.

दोन हजार दहा, ऑगस्ट. दहावी ब. मी फळ्यावर ‘आय हॅड वॉक्ड टु स्कूल’ लिहिलं आणि खाली ‘मी शाळेला चालत आलतो’. तू तिसऱ्या बाकावरून उभी राहिलीस. दोन वेण्या, डाव्या हाताच्या बोटावर शाईचा डाग. म्हणालीस, "सर, मी शाळेला चालत आलते, हे कुणाच्या आधी? हितं तर एकच गोष्ट हाय. मग वॉक्ड का न्हाय?"

प्रश्न बरोबर होता. तो बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच राग आला. उत्तर माहीत नसलेल्या मास्तरासारखं चिडकं जनावर नाही. वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "इंग्रजी म्हणजे तुझ्या आईच्या सुपातली तंबाखू नव्हे, पाहिजे तशी वळायला. बिड्या वळणाऱ्यांनी व्याकरण वळू नये."

वर्ग हसला. मीही हसलो. त्या वर्गात निम्म्या मुलांच्या आया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या, तीही मुलं हसली, कारण मी हसत होतो. तू खाली बसलीस. माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाहीस. शेवंताबाईंना मी काय बोललो ते तू घरी सांगितलंस की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मला अजून ‘सर’ म्हणावं, यावरून वाटतं की सांगितलं नसावंस.

तुला त्या वर्षी इंग्रजीत ब्याण्णव पडले. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो, माझी विद्यार्थिनी! आता समजतं, ते ब्याण्णव तू कसे मिळवलेस. तू तुझा प्रश्न गिळलास आणि माझा खोटा नियम पाठ केलास, कारण पेपर तपासणारेही माझ्यासारखेच. इतका पक्का पाठ केलास, की चौदा वर्षांनी जबाब लिहिताना तोच कागदावर उतरला.

मला तुझी क्षमा नको. म्हणजे हवी आहे, पण मागणार नाही. तुझं नाव मी त्या वर्गात घालवलं, ते मी परत मिळवून देऊ शकत नाही. चौकशी समितीला मी पत्र लिहिलं आहे, त्याची प्रत सोबत आहे. त्यात लिहिलंय की, हा नियम मी चौतीस वर्षं शिकवला, तो चूक आहे, माझ्या वहीचं तिसरं पान जोडत आहे. या भागात ‘केलता’ हा साधा भूतकाळ आहे आणि या मुलीच्या जबाबातला प्रत्येक हॅड काढून तो वाचावा. खाली सही, निवृत्त इंग्रजी शिक्षक.

खरं सांगायचं तर हे पत्र पाच दिवस कपाटात पडून होतं. स्वातंत्र्यदिनी जुने विद्यार्थी माझा सत्कार करणार आहेत. त्यांच्यातल्या विनयचा छापखाना आहे, तो क्रियापद-वहीची नवी आवृत्ती काढतोय. मनात आलं, तीस तारीख होऊ दे, सत्कार होऊ दे, मग बघू. सत्काराची शाल तुझ्या नोकरीपेक्षा जड वाटली मला, पाच दिवस. सहाव्या दिवशी पोस्टात टाकलं.

समितीनं उत्तरादाखल मला तीस तारखेला हजर राहायला सांगितलंय. तू येऊ नये म्हणालीस. या एका बाबतीत मी पुन्हा तुझं ऐकत नाही.

अण्णाप्पा


३१ जुलै २०२४

उपासना,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. पण तू पुढं तोंड करून बसली होतीस आणि मी मागच्या खुर्चीत होतो. मागून तू कशी दिसलीस ते तुला दुसरं कोण सांगणार?

सकाळची बस धरून बेळगावात उतरलो. खोलीत मी शिरलो तेव्हा तू एकदा वळून बघितलंस आणि मान फिरवलीस. पाठ ताठ होती. बाजूला ते तरुण डॉक्टर मोबाइल उलटा-सुलटा करत बसलेले. समितीच्या अध्यक्षांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. माझंच इंग्रजी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कान तापले. वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही विद्यार्थिनीला वाचवायला हे लिहिलं नसेल कशावरून?"

तू उठलीस. म्हणालीस, "सर, पेशंटच्या घरच्यांना विचारा." बास. आवाज चढवला नाहीस, रडली नाहीस.

मग भावकूंच्या पत्नी मालुबाई आत आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, समितीपेक्षा जास्त धीट. ज्यांच्या घरानं तक्रार केली त्यांनाच तू साक्षीला बोलवावंस, हे धाडस मला झालं नसतं. अध्यक्षांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सकाळपासून काय काय केलंत, बाई?"

मालुबाई म्हणाल्या, "काय करतोय? पाटं उटलते, चा केलता, म्हशीला वैरण टाकलती, बस धरलती आन हितं आलते."

अध्यक्षांनी कागदावर पाच रेघा ओढल्या. मी मागून मोजत होतो. त्यांना मराठी चांगलं कळतं, पण हा त त्यांनीही आयुष्यभर ऐकून कधी ऐकला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि त्या दिवशी सिस्टरनी फोन केला होता?"

"व्हय. दोनदा केलता. मी खाटंजवळच बसलते."

"घाम फुटायच्या आधी, की नंतर?"

"घामाच्या आधी कशाला करंल ओ? याड लागलंय व्हय तिला?" मालुबाई जवळजवळ भांडायलाच उठल्या. "मालकास्नी घाम फुटला, मी वरडले, तवा ही पळत आली. बीपी बघितलतं, पाय वर केलतं, फोन केलता. ‘येतो’ म्हणाले म्हणून हिनंच मला सांगितलतं. आमी तक्रार केल्या ती डागदराची. हिच्यामुळं तर मालक हायत."

डॉक्टरांनी मोबाइल खिशात घातला.

अध्यक्ष तुझ्याकडं वळले आणि इंग्रजीत विचारलं, की हे मागं बसलेले तुझेच शिक्षक का, आणि त्यांनीच तुला हे चुकीचं शिकवलं का. मला वाटलं, तू ‘हो’ म्हणशील आणि बसशील, किंवा मोठ्या मनानं ‘नाही, चूक माझी’ म्हणशील. दोन्ही ऐकायची तयारी मी बसमध्ये केली होती.

तू म्हणालीस, "यस सर. आय आस्क्ड. ही लाफ्ड. आय स्टॉप्ड."

उपासना, मी चौतीस वर्षं क्रियापदं शिकवली. इतकी शुद्ध तीन वाक्यं माझ्या कुठल्याही वर्गात कुणी उच्चारली नाहीत. तिन्ही क्रियापदं नियमित, तिन्ही साध्या भूतकाळात, तिन्हींच्या शेवटी ईडीचा उच्चार जसा हवा तसा हलका ट. हॅड कुठंच नाही. आणि प्रत्येक शब्द खरा. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी छाती भरून आली. लाज आणि अभिमान एकाच वेळी येतात हे मला ठाऊक नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हे बरोबर आहे?" मी उभा राहून म्हणालो, "व्याकरण आणि हकीकत, दोन्ही." त्यांनी ते लिहून घेतलं.

नंतर बाहेर बाकावर बसलो तेव्हा डोळ्यापुढं थोडं अंधारून आलं. सकाळपासून पोटात चहाच होता. तू समोरून निघून चालली होतीस, चार पावलं पुढं गेलीस, परत आलीस. न बोलता माझं मनगट धरलंस, मला उठवून आतल्या खोलीत नेलंस, बीपी घेतलंस. तुझी बोटं थंड होती आणि चेहरा नव्या वहीसारखा कोरा.

"सर, गोळी घेतलीसा?"

"घेतलती," मी म्हणालो.

तू पट्टा सोडता सोडता थांबलीस. "कशाच्या आधी?"

"नाश्त्याच्या."

"नाश्ता कवा केलता?"

"नाही केला."

तेव्हा तू हसलीस. अगदी थोडं, आणि लगेच तोंड फिरवून कुणाला तरी केळं आणायला सांगितलंस. ते केळं मी तुझ्यासमोर खाल्लं. याला तू माफी समजू नकोस, मीही समजत नाही. पेशंटला बघितल्यावर तुला पुढं जाता येत नाही, इतकंच. पण बसमध्ये संकेश्वरपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. शेजारच्यानं विचारलं, "डोळ्यात काय गेलं काय, आजोबा?" मी म्हटलं, "व्हय."

अण्णाप्पा


१९ ऑगस्ट २०२४

उपासना,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. हस्ताक्षर तेच, फक्त थोडं घाईचं झालंय. पद्मावतीनं ते माझ्या हातात देण्याआधी दोनदा उलटून पाहिलं, मग उदबत्तीच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आदी जेवा."

समितीचा निकाल वाचला. जबाब खरा धरला, पाच तारखेपासून तू परत वॉर्डात आहेस, मधल्या दिवसांची कुठं काळी रेघ नाही. शेवंताबाईंना मी घरी जाऊन वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "परत एकदा वाचा, सर." मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे पुसले आणि मला चहा दिला. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच चहा प्यालो, एवढ्या वर्षांत. हेही लिहून ठेवायला हवं.

सत्काराचं विचारलं आहेस. विनयला मी छपाई थांबवायला सांगितली. तो म्हणाला, "सर, तिसरं पान तेवढं काढून टाकतो की, कोण बघतंय?" मी म्हटलं, पान काढायचं नाही, ते तसंच ठेवून त्यावर ‘हे चूक आहे’ असं छापायचं आणि खाली कुणी दाखवून दिलं तिचं नाव. सत्काराच्या दिवशी माइकवर तेच सांगितलं, सुपाचं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. टाळ्या वाजल्या नाहीत. निम्मे लोक खाली बघत होते. एक बाई मागून उठून निघून गेल्या, त्या दहावी ब-मधल्याच असाव्यात. शाल मी घेतली नाही. आता रस्त्यात काही जण ओळख दाखवत नाहीत. चालायचंच. जे झालं ते मी केलेलंच आहे.

आणि तू लिहितेस की रविवारी होस्टेलवर बारा-तेरा मुली जमतात, नंदगडपासून चिकोडीपर्यंतच्या, आणि तू त्यांना रिपोर्ट कसा लिहायचा ते शिकवतेस. कोण कुठून आली त्याप्रमाणे तिच्या बोलीतलं वाक्य आधी तिच्याकडून म्हणवून घेतेस, आणि मगच इंग्रजीकडं नेतेस. अगं, हे मला चौतीस वर्षांत सुचलं नाही! तू पाठवलेला तक्ता मी लाल पेन घेऊन तपासायला बसलो. कॉल, चेक, लिफ्ट, क्लीन, टर्न, रेकॉर्ड, सगळी वॉर्डातली क्रियापदं, बारा काळांत. सवयीनं चूक शोधत होतो. दीड तास शोधली. एकही नाही. पेनचं टोपण घातलं आणि तक्ता भिंतीवर लावला.

शेवटी तू लिहिलंस, "तुमी बघून सांगा." आणि खाली प्रश्न. ‘आय हॅव कॉल्ड द डॉक्टर’ चालतं, मग ‘आय हॅव कॉल्ड द डॉक्टर अॅट टू टेन’ का चालत नाही? आपण ‘दोन-दहाला फोन केलाय’ असं रोज म्हणतो. वेळ सांगितली म्हणून बिघडलं काय? रुपाली नावाच्या मुलीनं विचारलं आणि तुला सांगता आलं नाही.

पहिल्यांदा मी लिहिलं, ‘नियमच तसा आहे.’ खोडलं. मग लिहिलं, ‘हॅवचा संबंध आताशी असतो, वेळ सांगितली की गोष्ट मागं पडते.’ वाचून बघितलं. बरं वाटतं ऐकायला, पण मग रुपाली विचारेल की मराठीत का पडत नाही मागं, आणि तेव्हा मी काय सांगणार? तेही खोडलं. जुनी पुस्तकं काढली, दोन दिवस चाळली. सगळी सांगतात की असं करू नये. का करू नये, ते एकही सांगत नाही.

मला माहीत नाही, उपासना.

हे वाक्य मी एकाही विद्यार्थ्याला कधी म्हटलेलं नाही. रुपालीला सांग, प्रश्न चांगला आहे, निपाणीच्या मगदूम सरांना उत्तर येत नाही. तुला किंवा तिला सापडलं तर मला कळवा, मी वहीत लिहून घेईन.

तुझा,
अण्णाप्पा मगदूम